पुट ऑप्शनची संवेदनशीलता-सूत्रे हाताने कशी काढावीत : कापसाच्या हमीभावाचे उदाहरण घेऊन

हिंगणघाटच्या किंवा अकोटच्या बाजार समितीत कापूस आणणाऱ्या कास्तकाराला व्यापाऱ्याने बोललेला भाव पटला नाही, तर भारतीय कापूस महामंडळाच्या केंद्रावर हमीभावाने विकण्याचा मार्ग त्याच्यापुढे खुला असतो. २०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलमागे ७,५२१ रुपये होता. बाजारभाव त्याहून वर असेल तर केंद्राकडे जाण्याचे कारण नाही, आणि खाली असेल तर जितका खाली तितका हा हक्क मोलाचा. ठरलेल्या भावाने विकण्याचा हक्क आहे पण सक्ती नाही, अशा करारालाच वित्तगणितात पुट ऑप्शन म्हणतात. या हक्काची आजची किंमत बाजारभावावर, भावाच्या अस्थिरतेवर, उरलेल्या मुदतीवर आणि व्याजदरावर अवलंबून असते. यांपैकी एकेक गोष्ट किंचित बदलली तर किंमत किती बदलेल, हे सांगणाऱ्या सूत्रांना संवेदनशीलता-सूत्रे किंवा ‘ग्रीक्स’ म्हणतात, आणि ती कशी काढावीत हे येथे पायरीपायरीने मांडले आहे.

यवतमाळ, वाशीम, वर्धा, बुलडाणा या जिल्ह्यांतील तालुक्याच्या महाविद्यालयांत गणित शिकणारे अनेक विद्यार्थी आता विमागणिताच्या आणि वित्तगणिताच्या परीक्षांची तयारी करतात, आणि त्यांच्या वह्यांमध्ये ही सूत्रे बहुधा एका तक्त्यात उतरवून पाठ केलेली दिसतात. माझे मत याविरुद्ध ठाम आहे. हा तक्ता पाठ करण्यात वेळ घालवू नये. एकच नित्यसमानता नीट सिद्ध करावी आणि उरलेली सर्व सूत्रे तिच्यातून दोन-दोन ओळींत काढावीत. बारावीचे अवकलन, साखळी नियम आणि प्रसामान्य वितरणाची ओळख एवढी तयारी त्यासाठी पुरते.

एक मर्यादा आधीच सांगितली पाहिजे. हमीभाव हा हुबेहूब पुट ऑप्शन नाही. ओलावा ८ टक्क्यांपर्यंत असेल तर पूर्ण भाव, त्यापुढे १२ टक्क्यांपर्यंत कपात आणि त्याहून अधिक ओलाव्याला खरेदी नाही, अशी अट असते. शिवाय केंद्र हंगामात कोणत्याही खरेदीच्या दिवशी माल घेते, तर आपण वापरणार आहोत ते सूत्र मुदतीच्या शेवटच्या दिवशीच हक्क बजावता येतो असे धरते. आधी हक्क बजावण्याची मुभा कधीच तोट्याची नसते, म्हणून या दुसऱ्या फरकापुरते आपले उत्तर खऱ्या किमतीपेक्षा कमी येईल किंवा फार तर तिच्याइतके. सूत्रे काढण्याची रीत मात्र यामुळे बदलत नाही.

सूत्र आणि चिन्हे

फिशर ब्लॅक आणि मायरन शोल्स यांचे ऑप्शनच्या किमतीचे सूत्र १९७३ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी रॉबर्ट मर्टन यांनी त्याचा पाया अधिक व्यापक केला. ब्लॅक यांनी १९७६ मध्ये त्याच विचाराचे वायदेभावावर, म्हणजे पुढील तारखेच्या सौद्यासाठी आज ठरणाऱ्या भावावर, आधारलेले रूप दिले. शेतमालासाठी हे १९७६ चे रूप मला अधिक योग्य वाटते, कारण कापूस गोदामात ठेवायला भाडे लागते, विमा लागतो, आणि हा सगळा खर्च वायदेभावात आधीच मिसळलेला असतो. त्याहून मोठा फायदा असा की या रूपात अवकलन फार सुटसुटीत होते आणि १९७३ ची सूत्रे हवी असतील तर ती शेवटी साखळी नियमाने एका पायरीत मिळतात.

चिन्हे अशी घेऊ. व म्हणजे वायदेभाव, ह म्हणजे हक्काचा ठरलेला भाव (आपल्या उदाहरणात हमीभाव), म म्हणजे उरलेली मुदत वर्षांत, र म्हणजे वार्षिक व्याजदर, स म्हणजे वार्षिक अस्थिरता आणि पु म्हणजे पुटची किंमत. न(य) हे प्रमाण प्रसामान्य वितरणाचे संचयी फल, आणि घ(य) ही त्याची घनता, म्हणजे ई^(−य²/२) भागिले √(२×पाय). येथे ई ही नैसर्गिक लॉगची पायासंख्या आहे. मुदतीच्या शेवटी मिळणाऱ्या रुपयाचे आजचे मूल्य सू = ई^(−र×म) या गुणकाने दाखवू. मग

पु = सू × [ ह × न(−ड२) − व × न(−ड१) ]

ड१ = [ लॉग(व/ह) + स²×म/२ ] ÷ (स√म)

ड२ = ड१ − स√म

वहीच्या पानावर उजव्या कोपऱ्यात एक चौकट आखून तिच्यात ड१ आणि ड२ यांच्या व्याख्या आणि ‘ड१ − ड२ = स√म’ ही ओळ लिहून ठेवावी. पुढील प्रत्येक पायरीत तिच्याकडे पाहावे लागते.

ज्या नित्यसमानतेवर सर्व काही उभे आहे

सिद्ध करायचे आहे ते असे :

व × घ(ड१) = ह × घ(ड२)

ड२ चा वर्ग करून सुरुवात करावी. ड२² = ड१² − २×ड१×स√म + स²×म. मधल्या पदातील ड१×स√म म्हणजे व्याख्येनुसार लॉग(व/ह) + स²×म/२. ते घातले की स²×म ही पदे परस्परांना खातात आणि उरते

ड२² = ड१² − २×लॉग(व/ह).

आता दोन्ही बाजूंना −१/२ ने गुणून ई च्या घातांकात चढवावे. लॉगचा घातांक म्हणजे मूळ गुणोत्तर, म्हणून घ(ड२) = घ(ड१) × (व/ह). ह ने गुणले की नित्यसमानता हाती येते. हा एवढाच पुरावा आहे, पण तो पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर लिहिता येईपर्यंत पुढे जाऊ नये.

आकड्यांनी ती पडताळून पाहावी. व = ७,४०० रुपये, ह = ७,५२१ रुपये, म = ०.२५ वर्ष, स = ०.२० आणि र = ०.०७ असे घेऊ. यांतला हमीभाव २०२४-२५ चा खरा आहे, बाकीचे आकडे हिशेब सोपा जावा म्हणून धरलेले आहेत. स√म = ०.१०. लॉग(७४००/७५२१) = −०.०१६२१९. म्हणून ड१ = −०.१६२१९ + ०.०५ = −०.११२१९ आणि ड२ = −०.२१२१९. घनतेची मूल्ये घ(ड१) = ०.३९६४३९ आणि घ(ड२) = ०.३९००६१. पहिलीला ७,४०० ने आणि दुसरीला ७,५२१ ने गुणले की दोन्हीकडे २,९३३.६५ येतात. सू = ०.९८२६५२, न(−ड१) = ०.५४४६६४ आणि न(−ड२) = ०.५८४०२१; त्यामुळे पुटची किंमत क्विंटलमागे ३५५.६३ रुपये. हे आकडे पानाच्या तळाशी लिहून ठेवावेत, कारण प्रत्येक सूत्र निघाल्याबरोबर त्यात हेच घालायचे आहेत.

डेल्टा

वायदेभाव बदलला तर किंमत किती बदलते, हे सांगणारा अवकलज म्हणजे डेल्टा. व हा तीन ठिकाणी आहे : उघड, ड१ च्या आत आणि ड२ च्या आत. यांपैकी एकही विसरता कामा नये. गुणाकाराचा नियम आणि साखळी नियम लावून पूर्ण लिहिले तर

∂पु/∂व = सू × [ −ह×घ(ड२)×∂ड२/∂व − न(−ड१) + व×घ(ड१)×∂ड१/∂व ].

ड१ आणि ड२ यांतील फरक स√म आहे आणि त्यात व नाही, म्हणून दोघांचे व-सापेक्ष अवकलज सारखेच, १ ÷ (व×स√म). पहिले आणि तिसरे पद एकत्र घेतले की कंसात व×घ(ड१) − ह×घ(ड२) उरते, आणि ते नित्यसमानतेमुळे शून्य. म्हणून

डेल्टा = −सू × न(−ड१).

आपल्या उदाहरणात हा −०.५३५२ येतो. वायदेभाव दहा रुपयांनी उतरला तर हक्काची किंमत सुमारे ५ रुपये ३५ पैशांनी वाढेल. शंभर क्विंटलवर असा हक्क देऊन बसलेल्या जिनिंगवाल्याला भावाच्या लहान चढउतारापासून आजपुरते निर्धास्त व्हायचे असेल, तर त्याने साधारण साडेत्रेपन्न क्विंटलएवढा वायदा विकला पाहिजे. प्रत्यक्षात करताना एकक सांभाळावे, कारण हमीभाव सरकीसह कापसाचा क्विंटलचा असतो आणि रुईचा वायदा खंडीच्या, म्हणजे सुमारे ३५६ किलोच्या भावात बोलला जातो. सरकी वजा केल्याशिवाय दोहोंची सांगड बसत नाही.

येथे एक धोक्याची जागा आहे. सूत्राकडे नुसते पाहून ‘व चा गुणक −सू×न(−ड१) आहे, म्हणून तोच डेल्टा’ असे लिहिणारे विद्यार्थी फार आहेत. उत्तर बरोबर येते, पण कारण चुकीचे असते. बाकीची पदे कोठे गेली हे सांगता आले नाही, तर पुढे ठोक रकमेच्या ऑप्शनपाशी हीच सवय शून्य उत्तर देते. त्याकडे खाली येऊच.

ती पदे का नाहीशी होतात

नित्यसमानता बीजगणिताने सिद्ध झाली तरी ती खरी का, हा प्रश्न उरतो, आणि मला या विषयातला सर्वांत सुंदर भाग हाच वाटतो. मुदतीच्या शेवटचा भाव या प्रतिमानात व × ई^(स√म×य − स²×म/२) असा धरला जातो, जेथे य हा प्रमाण प्रसामान्य चल आहे. तो भाव ह पेक्षा कमी असण्याची अट सोडवली की य < −ड२ मिळते. म्हणजे पुटची किंमत ही, −अनंतापासून −ड२ पर्यंत, ‘ह वजा शेवटचा भाव’ या लाभाला घ(य) ने गुणून केलेल्या संकलनाला सू ने गुणलेली राशी आहे.

आता व बदलला की दोन गोष्टी घडतात. संकलनाची वरची सीमा −ड२ सरकते आणि आतील लाभ बदलतो. सीमा सरकल्यामुळे होणारा बदल म्हणजे सीमेवरील लाभ गुणिले सीमेचे सरकणे. पण सीमा हीच ती जागा आहे जेथे शेवटचा भाव बरोबर ह एवढा असतो, आणि तेथे लाभ शून्य. बाजारात नेमका ७,५२१ चा भाव मिळत असेल तर केंद्रावर जाणे आणि व्यापाऱ्याला देणे यांत शेतकऱ्याला फरक पडत नाही. त्यामुळे सीमा थोडी इकडे-तिकडे झाली तरी किमतीवर पहिल्या घाताचा परिणाम होत नाही, आणि फक्त आतील लाभाचा अवकलज शिल्लक राहतो. त्याचे संकलन केले की तेच −न(−ड१) येते. लाभ काठावर सलग शून्याला मिळतो तोपर्यंतच हे चालते. लाभाला काठावर पायरी असेल तर सीमेचे पद उरते.

याच मांडणीतून ह-सापेक्ष अवकलज तर बघता बघता मिळतो : ∂पु/∂ह = सू × न(−ड२). आता आणखी एक पडताळा हाती आला. व आणि ह दोन्ही दुप्पट केले तर किंमत दुप्पट होते, कारण भाव क्विंटलचा सांगितला की दोन क्विंटलचा, याने व्यवहार बदलत नाही. अशा एकघाती फलासाठी ऑयलरच्या प्रमेयानुसार पु = व×(∂पु/∂व) + ह×(∂पु/∂ह) असले पाहिजे. काढलेली दोन्ही सूत्रे यात घालून पाहावीत. मूळ किमतीचे सूत्र जसेच्या तसे परत येते.

गॅमा, व्हेगा, थीटा आणि व्याजदर

येथून वेग वाढतो. डेल्टाचा पुन्हा व-सापेक्ष अवकलज घेतला की गॅमा :

गॅमा = सू × घ(ड१) ÷ (व×स√म).

आकडा ०.०००५२६४. डेल्टाला एकक नाही, गॅमाचे एकक मात्र ‘दर रुपया प्रति क्विंटल’ असे आहे; उत्तराखाली एकक लिहिण्याची सवय ठेवली तर भाजकातील व राहून जाण्याची चूक लगेच पकडली जाते.

व्हेगा म्हणजे अस्थिरतेची संवेदनशीलता. पुष्कळ जण येथे ∂ड१/∂स आणि ∂ड२/∂स वेगवेगळे काढून दोन पाने भरतात, आणि त्याची मुळीच गरज नाही. स हा फक्त ड१ आणि ड२ यांच्या आत आहे, म्हणून

∂पु/∂स = सू × [ व×घ(ड१)×∂ड१/∂स − ह×घ(ड२)×∂ड२/∂स ].

ह×घ(ड२) च्या जागी व×घ(ड१) लिहावे आणि ते बाहेर काढावे. आत उरतो तो ∂(ड१ − ड२)/∂स, आणि कोपऱ्यातील चौकट सांगते की ड१ − ड२ = स√म. म्हणून

व्हेगा = सू × व × घ(ड१) × √म.

हा १,४४१.३८ येतो. तो अस्थिरता एका पूर्ण एककाने, म्हणजे शंभर टक्के बिंदूंनी वाढल्याचा दर आहे. २० टक्क्यांवरून २१ टक्क्यांवर गेली तर किंमत सुमारे १४ रुपये ४१ पैशांनी वाढेल. उत्तर देताना कोणते एकक धरले ते लिहिलेच पाहिजे.

थीटासाठी, म्हणजे काळाच्या संवेदनशीलतेसाठी, तीच युक्ती म वर चालवावी. म हा सू मध्येही आहे, त्यातून −र×पु हे पद येते; उरलेल्या भागातून सू×व×घ(ड१) × ∂(स√म)/∂म, म्हणजे सू×व×घ(ड१)×स ÷ (२√म). दिवस पुढे सरकतो तशी उरलेली मुदत घटते, म्हणून चिन्ह उलटते :

थीटा = र×पु − सू×व×घ(ड१)×स ÷ (२√म).

वर्षाला −५५१.६६, म्हणजे ३६५ ने भागून दिवसाला क्विंटलमागे सुमारे १ रुपया ५१ पैशांची झीज. काही ठिकाणी बाजाराचे २५२ दिवस धरतात, तेव्हा दुसऱ्याच्या उत्तराशी जुळवण्यापूर्वी त्याने कोणते दिवस धरले ते विचारावे. थीटाचे दुसरे पद नीट पाहिले तर ते १/२ × स² × व² × गॅमा एवढेच आहे. म्हणून

थीटा + १/२ × स² × व² × गॅमा = र × पु,

आणि हेच ब्लॅक यांच्या प्रतिमानाचे आंशिक अवकल समीकरण. किमतीच्या सूत्रापासून निघून आपण त्या समीकरणापाशी पोहोचलो, याचा अर्थ गॅमा आणि थीटा परस्परांशी जुळतात. आकड्यांत : −५५१.६६ + ५७६.५५ = २४.८९, आणि ०.०७ × ३५५.६३ हेही २४.८९.

वायदेभाव स्थिर ठेवून व्याजदर बदलला तर र फक्त सू मध्ये आहे, म्हणून ऱ्हो = −म × पु. एका ओळीत संपले.

हजरभावाकडे वळताना

विदर्भातील दोन मोठ्या पिकांच्या बाबतीत, सोयाबीन आणि हरभरा यांच्या बाबतीत, वायदेभाव पडद्यावर पाहता येईल अशी स्थिती राहिली नाही, कारण सेबीने २०२१ मध्ये त्यांचे वायदे थांबवले आणि ती बंदी पुढे वाढत गेली. अशा वेळी बाजार समितीच्या हजरभावावरून, म्हणजे आजच्या रोख भावावरून, वायदेभाव तयार करावा लागतो. हजरभाव भ आणि गोदामभाडे, विमा इत्यादींचा वार्षिक दर ग धरला तर

व = भ × ई^((र+ग)×म).

आता नवे काही सिद्ध करायचे नाही, साखळी नियम तेवढा लावायचा. ∂व/∂भ = ई^((र+ग)×म), म्हणून हजरभावाचा डेल्टा = −न(−ड१) × ई^(ग×म). ग शून्य धरला की −न(−ड१), म्हणजे १९७३ चे प्रसिद्ध सूत्र. गॅमाला मात्र ∂व/∂भ या गुणकाच्या वर्गाने गुणायचे असते, आणि वर्ग विसरणे ही येथील नेहमीची चूक आहे.

व्याजदराचा मामला अधिक बारकाईने पाहण्यासारखा आहे, कारण आता र दोन ठिकाणी आहे : सू मध्ये आणि व च्या आत. भ स्थिर ठेवून ∂व/∂र = म×व. म्हणून एकूण बदल = डेल्टा×म×व − म×पु. यात दोघांची सूत्रे घातली की व असलेली पदे जातात आणि −म×सू×ह×न(−ड२) उरते. वायदेभाव स्थिर ठेवून काढलेला ऱ्हो आणि हा ऱ्हो वेगळे आहेत, आणि दोन्ही बरोबर आहेत. काय स्थिर धरले ते सांगितल्याशिवाय आंशिक अवकलजाला अर्थच नसतो. थीटाचेही तसेच : हजरभाव स्थिर ठेवला तर वरच्या थीटामधून डेल्टा × (र+ग) × व वजा करावे.

आकड्यांनी पडताळा कसा घ्यावा

सूत्र काढले की ते फरकाच्या रीतीने तपासावे. व = ७,४१० आणि व = ७,३९० घेऊन किंमत पुन्हा काढली तर ३५०.३०४० आणि ३६१.००८३ मिळतात. दोहोंच्या फरकाला २० ने भागले की −०.५३५२, सूत्राशी तंतोतंत. गॅमासाठी दोन टोकांच्या बेरजेतून मधल्या किमतीची दुप्पट वजा करून १० च्या वर्गाने भागावे : ७११.३१२३ − ७११.२५९६ = ०.०५२७, आणि १०० ने भागून ०.०००५२७.

येथे दशांशस्थळांची काटकसर करू नये. तीच आकडेमोड पैशांपर्यंत गोळा करून केली, म्हणजे ३५०.३०, ३५५.६३ आणि ३६१.०१ घेतले, तर गॅमा ०.०००५ एवढाच येतो आणि दुसरा अंकच हरवतो. दुसऱ्या अवकलजात जवळजवळ सारख्या संख्या एकमेकींतून वजा होतात, म्हणून गोळाबेरजेची चूक फुगते. अंतर लहान घ्यावे तितके उत्तर चांगले, हा समज यामुळेच चुकीचा आहे. अंतर फार मोठे असेल तर वक्रता चुकते आणि फार लहान असेल तर गोळाबेरीज उत्तर खाते. संगणकाच्या नेहमीच्या अचूकतेत पहिल्या अवकलजासाठी भावाच्या लाखाव्या भागाइतके आणि दुसऱ्यासाठी दहा-हजाराव्या भागाइतके अंतर साधारण योग्य ठरते.

ठोक रकमेचा ऑप्शन

समजा, शेवटचा भाव ७,५२१ च्या खाली राहिला तर, कितीही खाली असो, क्विंटलमागे ठोक ५०० रुपये मिळतील, असा करार आहे. त्याची किंमत ५०० × सू × न(−ड२), म्हणजे सुमारे २८६.९४ रुपये. या सूत्रात व उघडपणे कोठेच नाही. गुणक पाहून डेल्टा लिहिणारा येथे शून्य लिहील. लाभाला काठावर ५०० रुपयांची पायरी आहे, म्हणून सीमेचे पद जात नाही, आणि खरा डेल्टा असा :

−५०० × सू × घ(ड२) ÷ (व×स√म) = −०.२५९०.

मुदत शून्याकडे जाताना आणि भाव काठाजवळ असताना भाजकातील √म लहान होत जातो आणि हा डेल्टा अमर्याद वाढतो. असा करार देणाऱ्याला शेवटच्या दिवसांत वायद्याने सावरून धरणे का कठीण जाते, हे या एका भाजकातून दिसते.

सरावासाठी एक सूत्र स्वतः काढावे : साध्या पुटचा डेल्टा अस्थिरतेबरोबर किती बदलतो. डेल्टा = −सू×न(−ड१) पासून निघावे; या वेळी ∂ड१/∂स खरोखरच काढावा लागेल, आणि तो सोपा केला की −ड२/स येतो. म्हणून उत्तर −सू × घ(ड१) × ड२ ÷ स. आपल्या आकड्यांत ते ०.४१३३ आहे. पडताळ्यासाठी स = ०.२१ आणि स = ०.१९ घेऊन डेल्टा पुन्हा काढावा आणि दोहोंच्या फरकाला ०.०२ ने भागावे. त्यानंतर व्हेगाचा व-सापेक्ष अवकलज घेऊन पाहावे. मिश्र अवकलजात क्रम बदलला तरी उत्तर तेच यायला हवे, आणि ते न आल्यास बहुधा व×घ(ड१) या गुणाकारातील उघड व चे अवकलन राहून गेलेले असते.